आखाड्यातील प्राचार्य
(ज्ञातिमंडळाच्या नंदुरबार येथील वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या चिटणीसांचे पत्र आले त्या वेळी त्यांनी विषय आमच्यावरच सोपविला होता. ‘विद्यार्थ्यांस उपयुक्त आणि पालकांस पटेल असे काही बोलावे’ एवढीच त्यांची सूचना होती. या दोन अटी एकत्र पाळणे किती कठीण आहे याची जाणीव ज्याला घरी मुले आहेत त्या प्रत्येकास असेल. विद्यार्थ्यांस जे प्रिय वाटते ते पालकांस पटत नाही, आणि पालकांस जे पटते त्याने विद्यार्थ्यांस जांभया येतात. पुष्कळ विचारांती आम्ही खेळाचा विषय निवडला. आमचे आजचे बोलणे एका खेळशिक्षकाविषयी आहे. ते महाविद्यालयाचे प्राचार्य होते, संस्कृतचे पारितोषिकविजेते विद्यार्थी होते, आणि लाठी, कुस्ती, मल्लखांब यांचे वाकबगार शागीर्दही होते. त्यांचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. पुढे ते स्वामी कुवलयानंद या नावाने जगास ठाऊक झाले. त्यांच्या कार्याचा आरंभीचा काळ आपल्या खानदेशात, अमळनेरला गेला, ही गोष्ट मात्र खानदेशातही आज थोड्यांनाच माहीत आहे.

मूळ विषयाकडे वळण्यापूर्वी आमचा स्वतःचा एक अनुभव सांगण्याची परवानगी असावी.

आम्ही ज्या शाळेत शिकलो तेथे एक व्यायामशिक्षक होते. मुले त्यांना ‘ड्रिलमास्तर’ म्हणत. त्यांचे खरे नाव घेण्याचे कारण कोणास पडत नसे. गळ्यात शिट्टी, पायांत कॅनव्हासचे बूट, आणि सायकलीला टांगलेला, चामडे उसवलेला एक व्हॉलीबॉल. हेच गृहस्थ आम्हांस लंगडी शिकवीत, खो-खोत पाटीवर कसे बसावे ते दाखवीत, हुतूतूच्या वेळी श्वासावर कान ठेवीत, पावसाळा सरला की लांब उडीसाठी वाळूचा खड्डा स्वतः खणीत, आणि संमेलनात लेझीमही बसवीत. वार्षिक परीक्षा जवळ आली की त्यांचा तास गणिताकडे जाई. ते एक शब्द न बोलता मैदानाच्या कडेला निंबाखाली बसून राहत. ते निवृत्त झाले त्या दिवशी शाळेत निरोपाचा समारंभ झाला नाही. इतर शिक्षकांचे होत असत. आम्ही त्या वेळी वरच्या वर्गात होतो आणि वर्गाचे प्रतिनिधी होतो. चार मुले गोळा करून एक हार आणणे आम्हांस अशक्य नव्हते, परंतु आम्हीही ते केले नाही. शाळेवर ठपका ठेवण्यापूर्वी तो स्वतःवर ठेवणे उचित म्हणून ही गोष्ट येथे सांगितली.

पुढे पुष्कळ वर्षांनी कुवलयानंदांचे चरित्र आमच्या वाचनात आले, तेव्हा निंबाखाली बसलेले ते गृहस्थ आमच्या डोळ्यांपुढे उभे राहिले. एका खेळाचा एक शिक्षक, त्याचा एक मदतनीस आणि त्यावर एक वैद्य अशी विभागणी आज मोठ्या शहरांत झाली आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी, म्हणजे महाविद्यालयीन खेळांच्या आरंभकाळी, सारा भार एकाच माणसावर असे. आणि हे केवळ आपल्याकडे नव्हे, साऱ्या जगात होते.

अमेरिकेतील दोन उदाहरणे द्यावीशी वाटतात. शिकागो विद्यापीठात एमॉस अलोन्झो स्टॅग नावाचे शिक्षक १८९२ मध्ये रुजू झाले आणि १९३२ पर्यंत तेथे राहिले. फूटबॉल ते शिकवीत, बेसबॉल ते शिकवीत, आणि धावण्या-उड्यांच्या शर्यतींची तयारीही तेच करून घेत. दुसरे जेम्स नेस्मिथ. स्प्रिंगफील्ड येथील शिक्षणसंस्थेत हिवाळ्यामुळे कोंडून पडलेल्या अठरा विद्यार्थ्यांचे करावे काय, या विवंचनेतून त्यांनी १८९१ च्या डिसेंबरात पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या आणि बास्केटबॉलचा खेळ जन्मास घातला. पुढील मार्चमध्ये शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा पहिला जाहीर सामना झाला. विद्यार्थी पाच विरुद्ध एक असे जिंकले, आणि शिक्षकांचा तो एकुलता एक गुण याच स्टॅग महाशयांनी केला होता! गमतीची गोष्ट अशी की, नेस्मिथ पुढे कॅन्सास विद्यापीठात शिकवू लागले तेव्हा त्यांच्या संघाने पंचावन्न सामने जिंकले आणि साठ गमावले. ज्याने खेळ निर्मिला त्याच्याच खाती विजयांपेक्षा पराभव अधिक. तरीही त्यांस कोणी अपयशी शिक्षक म्हणत नाही. पालकांनी हे ध्यानात ठेवावे अशी आमची विनंती आहे.

त्याच स्प्रिंगफील्डच्या शिक्षणसंस्थेत तयार झालेले हॅरी बक हे अमेरिकन गृहस्थ १९१९ मध्ये मद्रासला आले. १९२० मध्ये त्यांनी तेथे वाय. एम. सी. ए. च्या आश्रयाने शारीरिक शिक्षणाची शाळा काढली, आणि १९२४ मध्ये पॅरिसच्या ऑलिंपिक सामन्यांस गेलेल्या हिंदी पथकाचे ते व्यवस्थापक होते. त्यांचे ऋण मान्य करूनही एक प्रश्न उरतोच. आपल्या भूमीत या विद्येचे कोणी आचार्य नव्हते काय? होते, आणि ते आपल्याच रुळाच्या वाटेवर होते.

सुरतेहून निघालेली ताप्ती व्हॅलीची गाडी नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, नरडाणा करीत अमळनेरास पोचते. आपले आजोबे-पणजोबे याच गाडीने कापसाच्या व्यवहारास सुरतेकडे जात, आणि तेथून बडोदे फार दूर नव्हते. गुणे यांच्या आयुष्याची पहिली चाळीस वर्षे बहुतांशी याच पट्ट्यात गेली. एका टोकास बडोदे, दुसऱ्या टोकास अमळनेर, आणि मध्ये आपण. त्या काळी आपला प्रदेश पश्चिम खानदेश म्हणून ओळखला जाई. त्याचा धुळे जिल्हा झाला आणि १ जुलै १९९८ रोजी त्यातून नंदुरबार हा स्वतंत्र जिल्हा निघाला.

जगन्नाथ गुणे यांचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी गुजरातेतील डभोई येथे झाला. वडील शिक्षक, घरची स्थिती ओढग्रस्तीची. अशा स्थितीत शिकून १९०३ मध्ये ते मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती त्यांनी मिळविली. ही शिष्यवृत्ती म्हणजे त्या काळच्या विद्यार्थ्याच्या मस्तकावरील तुराच होय. पुढील शिक्षणासाठी ते बडोद्याच्या महाविद्यालयात गेले. १९०६ पर्यंत अरविंद घोष तेथेच अध्यापन करीत होते. वंगभंगाचे ते दिवस. विद्यार्थ्यांच्या मनात देश पेटलेला होता.

अशा तरुणाने १९०७ मध्ये बडोद्यातील जुम्मादादा व्यायाममंदिराची पायरी चढली. आपल्यातील किती पालक आपल्या शिष्यवृत्तिधारक मुलास अशी पायरी चढू देतील, हे प्रत्येकाने मनाशीच म्हणावे. ‘पुस्तक सोडून लाल मातीत लोळतोस काय?’ हे वाक्य आमच्याही घरी उच्चारले गेले होते, आणि आम्ही ते मुकाट्याने ऐकले होते.

त्या व्यायाममंदिराचे आचार्य म्हणजे राजरत्न प्रोफेसर माणिकराव. आपल्या वस्तादाचे, जुम्मादादांचे नाव त्यांनी संस्थेस दिले. तालमीत वस्तादाचे नाव चालते, कुळाचे चालत नाही, ही आमच्या जुन्या लोकांची रीत. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून ती सांगण्यात आम्हांस संकोच वाटत नाही; उलट ती येथेच सांगण्याजोगी आहे.

माणिकरावांचे मोठेपण कशात होते ते थोडे उलगडून सांगितले पाहिजे. जुन्या आखाड्यात विद्या एकाकडून एकाकडे जाई. वस्ताद एका शागिर्दाला डाव दाखवी, बाकीचे पाहत बसत. कुस्तीच्या विद्येस ते ठीक होते. परंतु शाळेच्या पटांगणावर शे-दोनशे मुले उभी असतील तर काय करावे? सरकारी शाळांनी यावर विलायती कवायतीचा उपाय काढला होता. मुले ओळीत उभी राहत आणि अर्थ न कळलेल्या इंग्रजी आज्ञांवर हात-पाय हलवीत. माणिकरावांनी लाठी, लेझीम, जोडी, जंबिया, दंड-बैठका हे आपले प्रकार घेतले, त्यांचे टप्पे पाडले, प्रत्येक टप्प्यास अंक दिला आणि देशी भाषेतील आज्ञांवर ते सामुदायिक रीतीने करविण्याची पद्धत बसविली. आज साधी वाटणारी ही गोष्ट त्या काळी क्रांतिकारक होती. आखाड्यातील विद्या त्यामुळे शाळेच्या घंटेत बसू शकली. मोडलेले हाड बसविण्यातही माणिकरावांचा हात मोठा यशस्वी होता. शरीर घडविणारा आणि शरीर दुरुस्त करणारा असे दोन्ही गुण त्या एका पुरुषात होते.

गुणे १९०७ ते १९१० अशी तीन वर्षे माणिकरावांच्या हाताखाली शिकले. त्याच काळात महाविद्यालयाचा अभ्यासही चालू होता, आणि १९१० मध्ये ते पदवीधर झाले. अभ्यास बुडाला नाही, तालीमही बुडाली नाही. आजन्म ब्रह्मचारी राहून शिक्षणकार्य करण्याचा संकल्प त्यांनी केला आणि ते अमळनेरास आले.

अमळनेर त्या वेळी खानदेशातील एक जागते गाव होते. श्रीमंत प्रताप शेटजींची गिरणी तेथे होती, खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेचे काम जोमात होते, आणि १९१६ मध्ये तेथेच तत्त्वज्ञानमंदिराची स्थापना झाली. पुढे १९२४ पासून साने गुरुजी तेथील शाळेत शिक्षक झाले, हे सर्वश्रुत आहे. गुरुजींच्या आधीच्या पिढीतील तेथील एक नाव म्हणजे गुणे. १९१६ मध्ये ते सोसायटीच्या राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्य झाले.

‘राष्ट्रीय’ या शब्दाचे त्या काळचे वजन नव्या पिढीस सांगावे लागते. जी संस्था सरकारच्या चौकटीबाहेर जाऊन स्वदेशाभिमानाचे शिक्षण देई तीस राष्ट्रीय म्हणत, आणि तिचे आयुष्य सरकारच्या मर्जीवर असे. तळेगावचे समर्थ विद्यालय १९१० मध्ये सरकारने बंद पाडले होते. अमळनेरच्या महाविद्यालयावरही १९२० मध्ये तोच प्रसंग आला. प्राचार्यांचे आसन गेले.

श्रोतेहो, आमच्या मते या माणसाची खरी परीक्षा येथे झाली. वय सदतीस. हाती पदवी, अंगी लौकिक. सरकारी शाळेत नोकरी धरणे अशक्य नव्हते. मात्र त्यांच्या मनात एक निराळाच प्रश्न घोळत होता. नर्मदाकाठी मालसर येथे राहणारे वयोवृद्ध योगी माधवदासजी महाराज यांची भेट त्यांना १९१९ च्या सुमारास झाली होती आणि त्यांच्याकडून योगाचे प्रत्यक्ष शिक्षण मिळाले होते. आखाड्यात तयार झालेल्या या शिक्षकास असे दिसले की, योगाच्या काही क्रियांत शरीरावर जो परिणाम होतो त्याचा उलगडा ना वस्तादाकडे आहे, ना शास्त्रज्ञाकडे. ‘गुरूंनी सांगितले’ एवढ्यावर भागणारे अनेक होते. गुणे यांस त्याचे कारण हवे होते.

म्हणून १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरण यंत्राच्या साहाय्याने उड्डियान आणि नौली या क्रियांची तपासणी सुरू केली. नौली म्हणजे पोटाचे मधले स्नायू एकत्र आणून फिरविण्याची क्रिया. ती करणारा माणूस आतड्यात पाणी वर ओढू शकतो, हे योग्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत होते. का ओढू शकतो, ते कोणी मोजले नव्हते. गुणे यांनी दाबमापक लावून दाखविले की, त्या वेळी आतील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, म्हणजे आंशिक निर्वात स्थिती निर्माण होते. आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ तिला त्यांनी ‘माधवदास निर्वात’ असे नाव दिले. शोध शास्त्राच्या रीतीने लावायचा आणि नाव गुरूचे द्यायचे, हा त्यांच्या स्वभावातील समतोल आम्हांस फार मोलाचा वाटतो.

१९२४ मध्ये दसऱ्याच्या सुमारास लोणावळ्यास त्यांनी कैवल्यधाम ही संस्था स्थापिली. त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक निघाले. त्यात आसनांचे शास्त्रशुद्ध वर्णन आणि प्रयोगशाळेतील नोंदी असे दोन्ही येऊ लागले. १९२७ मध्ये महात्माजींनी आपल्या प्रकृतीसंबंधी त्यांचा सल्ला घेतला. इतकी मान्यता मिळाल्यावर कोणीही योगी आश्रमातच स्थिरावला असता. पण यांच्यातील खेळशिक्षक झोपला नव्हता. योगासनेही शेकडो मुलांना एकाच वेळी शिकविता येतील अशी मांडणी त्यांनी केली आणि ‘यौगिक संघ-व्यायाम’ म्हणून ती प्रसिद्ध केली. माणिकरावांनी जे लाठीच्या बाबतीत केले तेच शिष्याने आसनांच्या बाबतीत केले, हे येथे लक्षात येईल.

१९३७ मध्ये मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे मंत्रिमंडळ आले. शाळांतील शारीरिक शिक्षणाचा विचार करण्यासाठी त्यांनी एक समिती नेमली आणि तिचे अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांस दिले. सतरा वर्षांपूर्वी ज्यांचे महाविद्यालय सरकारी अवकृपेने बंद झाले होते, त्यांनाच आता सरकारने विचारले, ‘आमच्या मुलांना काय शिकवावे?’ समितीच्या कामाचे एक ठळक फळ म्हणजे १९३८ मध्ये कांदिवलीस निघालेली शारीरिक शिक्षणाची प्रशिक्षणसंस्था. व्यायामशिक्षक हा पदवीधर असावा, त्यास शरीरशास्त्र यावे, देशी खेळ यावेत आणि विदेशीही यावेत, आणि इतर शिक्षकांइतकाच त्याचा मान असावा, हा विचार या संस्थेच्या मुळाशी होता. पुढच्या काळात महाराष्ट्रातील आणि गुजरातेतील कितीतरी शाळांत तेथे शिकलेले शिक्षक गेले.

१९५० च्या सुमारास लोणावळ्यास त्यांनी योगाचे महाविद्यालयही काढले. १८ एप्रिल १९६६ रोजी त्यांचे निधन झाले. अमळनेरच्या प्राचार्यांचे महाविद्यालय गेले होते. पण त्या एकाच्या जागी किती उभी राहिली ते आपण पाहिलेच.

या एका चरित्राच्या भोवती महाराष्ट्रात दुसरीही कामे चालू होती, त्यांचा धावता उल्लेख करतो. अमरावतीस १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान आखाडा सुरू केला, तोच पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून वाढला, आणि १९३६ मध्ये त्या मंडळाच्या पथकाने बर्लिनच्या ऑलिंपिक प्रसंगी कबड्डीसह देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. पुण्याचा डेक्कन जिमखाना आणि बडोद्याचा हिंद विजय जिमखाना यांनी हुतूतू, खो-खो, आट्यापाट्या यांच्या नियमांस आकार दिला. गल्लीगणिक बदलणाऱ्या खेळास लेखी नियम मिळणे, ही त्याच्या आयुष्यातील मुंजच होय. ती झाली म्हणून कबड्डी १९९० मध्ये आशियाई सामन्यांत पोचली आणि २०२५ च्या जानेवारीत दिल्लीस खो-खोची पहिली विश्वचषक स्पर्धा होऊन भारताचे पुरुष व महिला हे दोन्ही संघ जिंकले. दोन्ही संघांचे कर्णधारपद महाराष्ट्राच्या खेळाडूंकडे होते. लंगडी घालणाऱ्या आपल्या पोरींना कमी लेखणाऱ्यांनी हे विसरू नये.

डेक्कन जिमखान्याचीच आणखी एक गोष्ट आपल्या जिल्ह्यास लागू पडते. १९१९ च्या सुमारास तेथील शर्यतींस सर दोराबजी टाटा अध्यक्ष म्हणून आले होते. पायांत काही न घालता धावणारे खेड्यापाड्यांतील तरुण त्यांनी पाहिले आणि त्यांचा वेग पाहून ते चकित झाले. या मुलांना ऑलिंपिकला पाठवावे, ही कल्पना तेथे रुजली. १९२० मध्ये अँटवर्पला गेलेल्या छोट्या पथकात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले आणि कुस्तीगीर शिंदे यांचे पदक थोडक्यात हुकले. श्रोतेहो, अनवाणी धावणारी मुले आपल्या सातपुड्यात, अक्राणीत आणि अक्कलकुव्यात काय थोडी आहेत? डोंगर चढून शाळेस जाणाऱ्या मुलाच्या छातीत किती वारा मावतो, ते आपण रोज पाहतो. तेथे पाहणारा दोराबजी आणि शिकविणारा गुणे कमी आहे, मुले कमी नाहीत.

आणि १९५२ च्या हेलसिंकीचे खाशाबा जाधव? स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांच्या प्रवासखर्चासाठी कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. ती ऐकताना आपण टाळ्या वाजवितो. पण आपल्यावर प्रसंग आला तर आपण काय गहाण ठेवू, हा प्रश्न टाळ्यांच्या आवाजात बुडून जातो.

तोच प्रश्न आता आम्ही मंडळापुढे ठेवीत आहो.

आपल्या ज्ञातिमंडळाने विद्यार्थी-वसतिगृहासाठी म्हणून पूर्वी घेतलेली जागा आपणा सर्वांस ठाऊक आहे. वसतिगृह लहान झाले, उरलेली जागा मोकळी राहिली. संध्याकाळी तेथे मुले खेळतात. कोणाच्या ज्ञातीची, कोणाच्या गल्लीची, हे कोणी विचारीत नाही. गेल्या वर्षी त्या संपूर्ण जागेवर मंगल कार्यालय बांधण्याचा ठराव कार्यकारिणीपुढे आला. त्यास अनुमोदन देणारांत आम्हीही होतो, हे प्रांजळपणे सांगतो. ठराव मांडणारांचा हेतू वाईट नव्हता. कार्यालयाचे भाडे येईल, त्यातून गरीब विद्यार्थ्यांस फीची मदत होईल, विधवा भगिनींस साहाय्य मिळेल, हा त्यांचा हिशेब खरा आहे. पैशावाचून कोणतेही मंडळ चालत नाही, आणि मंडळाचा खजिना सांभाळणाऱ्यास स्वप्नाळू वक्त्यांचा राग येणे साहजिक आहे.

तरीही, या व्याख्यानाची तयारी करीत असता, आमच्या सहीविषयी आम्हांस स्वस्थ वाटेनासे झाले. एका संध्याकाळी आम्ही त्या जागेकडे गेलो. दहा-बारा मुले आट्यापाट्यांच्या रेघा आखीत होती. रेघा वाकड्या येत होत्या. सरळ आखून देणारे कोणी नव्हते. कडेला तीन मुली उभ्या होत्या. ‘तुम्ही का खेळत नाही?’ असे विचारता त्यांतील धाकटी म्हणाली, ‘आमची पाळी आली की अंधार पडतो.’

या वाक्यास आमच्यापाशी उत्तर नव्हते. आज ते उत्तर आपण सर्वांनी मिळून द्यावे म्हणून आम्ही तीन सूचना करतो.

पहिली सूचना अशी की, कार्यालय अवश्य बांधावे; परंतु रस्त्याकडील अर्ध्या भागात. मागील अर्धी जागा मैदान म्हणून राहावी आणि तसे मंडळाच्या दप्तरात लिहून ठेवावे, म्हणजे पुढच्या कार्यकारिणीस मोह होणार नाही. भाडे काहीसे कमी येईल, हे आम्ही नाकारीत नाही. ते कमी उत्पन्न म्हणजे मंडळाने मुलांसाठी ठेवलेले गहाण समजावे.

दुसरी सूचना शिक्षकाविषयी. मैदान असून शिक्षक नसेल तर ते गुरे बांधण्याची जागा होते. शारीरिक शिक्षणाची पदवी घेतलेले, पण नोकरीविना बसलेले तरुण आपल्याच तालुक्यांत आहेत. त्यांतील एकास रोज संध्याकाळी दोन तासांसाठी योग्य मानधन देऊन नेमावे. त्याने आठवड्याच्या वारांप्रमाणे खेळ वाटावेत. कुस्ती व मल्लखांब, खो-खो व कबड्डी, धावणे व उड्या, आणि एक दिवस आसने. एका खेळात पारंगत होण्याचे वय पुढे येते. लहान मुलाने सर्व चाखून पाहावे. आणि मुलींचा तास आधी असावा, उजेडाचा.

तिसरी सूचना पालकांस आहे. आपल्या मुलाने वा मुलीने पदक आणले नाही म्हणून मैदान बंद करू नका. नेस्मिथांचे साठ पराभव आठवा. गुणे यांच्या तीन वर्षांच्या तालमीतून कोणते पदक निघाले? एकही नाही. त्यातून निघाला तो शिस्तीने विचार करणारा, संकट आल्यावर न खचणारा आणि शेकडोंना एकत्र उभे करू शकणारा माणूस. ज्या गावात ९ सप्टेंबर १९४२ रोजी शिरीषकुमारसारखी कोवळी पोरे हातात झेंडा घेऊन गोळीपुढे उभी राहिली, त्या गावास छातीचे मोल वेगळे सांगावयास नको.

आमचे बोलणे लांबले, याची जाणीव आहे. भोजनाची पाने मांडल्याचा आवाज इकडे येऊ लागला आहे, आणि कोणत्याही वक्त्यास ती शेवटची घंटाच असते. एकच गोष्ट सांगून आपली रजा घेतो. ज्या शिक्षकांचा आरंभी उल्लेख केला ते आज हयात नाहीत, त्यामुळे तो राहिलेला हार आता त्यांच्या गळ्यात पडणे नाही. परंतु मंडळाने मैदान राखण्याचे ठरविल्यास तेथे आखाव्या लागणाऱ्या पाट्यांचा चुना, वाळूचा पहिला खड्डा आणि शिक्षकाचे पहिल्या वर्षाचे मानधन यांचा भार आम्ही उचलू. कार्यकारिणीच्या पुढील बैठकीत गेल्या वर्षीच्या ठरावावरील आमचे अनुमोदन मागे घेऊन ही दुरुस्ती आम्ही स्वतः मांडणार आहो. तिला अनुमोदक मिळावा, एवढीच विनंती.